कडक शिस्त की कोंडी? पुण्यातील एका कराटे वर्गाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्याच्या कर्वेनगर परिसरात राहणाऱ्या आणि त्या वेळी नववीत शिकणाऱ्या एका मुलीचे आहे. तिचे, तिच्या कुटुंबीयांचे आणि प्रशिक्षकाचे नाव मी देत नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, आणि मुलीने व तिच्या आईने हे टिपण वाचून दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्यानंतरच त्याला अंतिम रूप दिले आहे. मी शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. तरुणपणी आठ-नऊ वर्षे ज्युदो खेळले असल्यामुळे सरावातली ओरड, दमछाक आणि प्रशिक्षकाचे टोचून बोलणे मला नवीन नाही. हे आधीच सांगण्याचे कारण असे की प्रकरण माझ्यापर्यंत आले तेव्हा माझा कल प्रशिक्षकाच्या बाजूने होता.

मुलगी सहावीनंतरच्या उन्हाळी सुट्टीत घराजवळच्या कराटे वर्गात जाऊ लागली. एका सोसायटीच्या पार्किंगवर बांधलेल्या सभागृहात संध्याकाळी साडेसहा ते आठ असा हा वर्ग भरत असे आणि तेथे तीस-पस्तीस मुले येत. वडील चाकणच्या कारखान्यात पाळीवर जाणारे, आई सहकारी बँकेत नोकरी करणारी. संध्याकाळी मुलगी घरात मोबाइल घेऊन बसण्यापेक्षा चार मुलांत घाम गाळते, याचे दोघांनाही समाधान होते. पहिल्या वर्षात तिला खरोखरच फायदा झाला. उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारी मुलगी स्नेहसंमेलनात प्रात्यक्षिक करून दाखवू लागली. तिचे उभे राहणे, तिची लाथ आणि तिचा आवाज हे सगळे सरांनीच घडवले होते, आणि ते अमान्य करून या प्रकरणाकडे पाहता येत नाही. वाईट शिकवणाऱ्या माणसाला पालक लवकर ओळखतात. हे सर चांगले शिकवत होते.

आपल्याकडे तालमीतल्या वस्तादाला खाली वाकून नमस्कार करण्याची रीत जुनी आहे, आणि जपानी युद्धकलांबरोबर वाकून अभिवादन करणे, ज्येष्ठतेची उतरंड आणि पट्ट्यांचे रंगही आले. दोन्ही परंपरांतला आदर एका ठिकाणी जमा झाला की प्रशिक्षकाला प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा, असे वातावरण फारसे कष्ट न घेता तयार होते. या वर्गात गुरुपौर्णिमेला पाद्यपूजन होत असे, एकलव्याची गोष्ट दरवर्षी सांगितली जात असे, आणि अंगठा मागणाऱ्या द्रोणाचार्यांनी त्या मुलाला मुळात एक दिवसही शिकवले नव्हते, हा त्या गोष्टीतला भाग दरवर्षी गाळला जात असे.

समस्या हळूहळू कशी वाढली

आईने नंतर सांगितलेल्या घटना मी तारखांनुसार मांडून पाहिल्या, तेव्हा त्यांतला क्रम मला प्रथम दिसला. सुरुवात कौतुकाने झाली होती. दुसऱ्या वर्षी सरांनी पालकसभेत सर्वांसमोर सांगितले की या मुलीत त्यांना आपली वारसदार दिसते. आईच्या शब्दांत, "त्या दिवशी मी तरंगतच घरी आले." त्यानंतर मुलीसाठी रविवारी पहाटे तळजाई टेकडीवर वेगळा सराव सुरू झाला, मग शनिवारी लहान मुलांना शिकवायला मदत करणे आले, आणि शेवटी रात्री अकरा वाजता मोबाइलवर येणारे संदेश आले, ज्यांना तत्काळ उत्तर दिले नाही तर दुसऱ्या दिवशी वर्गात "काही जणांना आता पंख फुटले आहेत" असे नाव न घेता ऐकवले जाई.

सातवीत तिने कथक सोडले. आठवीत मैत्रिणींचे वाढदिवस सुटले, कारण सरांच्या मते बाहेरच्या मुलींना ध्येय नसते. "बाहेरचे" हा शब्द वर्गात रोजच्या वापरातला होता. दुसऱ्या वर्गातील प्रशिक्षक बाहेरचे, शाळेतील क्रीडाशिक्षक बाहेरचे, आणि काही काळाने डॉक्टरही बाहेरचे झाले.

सराव पाहण्यास पालकांना मनाई होती. पालक समोर असले की मुले नाटके करतात, असे त्याचे कारण सांगितले जाई. पट्टा परीक्षेचे शुल्क रोख घेतले जाई आणि पावती मागणाऱ्या पालकाला "विश्वास नसेल तर शिकू कशाला?" असा प्रतिप्रश्न मिळे. गणवेश, संरक्षक साहित्य आणि स्पर्धेचा टी-शर्ट सरांकडूनच घ्यावा लागे. भिंतीवर परदेशी प्रशिक्षकांसोबतची छायाचित्रे होती आणि सरांच्या नावापुढील दानची (काळ्या पट्ट्यातील श्रेणीची) संख्या गेल्या काही वर्षांत दोनदा वाढली होती, मात्र ती कोणत्या संस्थेने वाढवली हे कोणालाच ठाऊक नव्हते.

तीन घटनांनी हे सगळे उघड्यावर आणले.

पहिली घटना घोट्याच्या दुखापतीची. उडी मारून उतरताना मुलीचा पाय मुरगळला. तिने पाय दुखत असल्याचे सांगितले, तेव्हा "दुखणे डोक्यात असते" असे म्हणून सरांनी तिला आणखी वीस उड्या मारायला लावल्या. फिजिओथेरपिस्टने अस्थिबंधाला इजा असल्याचे सांगून चार आठवडे विश्रांतीचा सल्ला दिला. ती नवव्या दिवशी पुन्हा वर्गात होती. कोणी बोलावले, असे आईने विचारल्यावर तिने कोणीच बोलावले नसल्याचे सांगितले, आणि ते शब्दशः खरे होते: आठ दिवसांत वर्गातील एकाही मुलाने तिच्या संदेशाला उत्तर दिले नव्हते, आणि तिला बरे वाटावे असे वाटणाऱ्यांना काय सूचना मिळाली होती हे आम्हांला पुढे कळले.

दुसरी घटना एका सोळा वर्षांच्या मुलाची. तो दुसऱ्या प्रशिक्षकाच्या दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आल्याचे सरांना समजले, त्या संध्याकाळी त्याला ओळीने पाच वरिष्ठ विद्यार्थ्यांशी विश्रांती न देता लढायला लावले. चौथ्या फेरीत तो खाली बसला आणि त्याने हात वर केला. सरांनी "यामे", म्हणजे थांबा, असे म्हटले नाही. वर्गातील सर्वांत ज्येष्ठ विद्यार्थिनी, जिला सगळी मुले ताई म्हणतात आणि जी तेव्हा एकवीस वर्षांची होती, तिला पाचवी लढत करायची होती. तिने ती केली. आमची मुलगी भिंतीशी रांगेत बसून पाहत होती.

तिसरी घटना वजनाची. स्पर्धेत खालच्या वजनगटात खेळता यावे म्हणून सरांनी मुलीला अडीच आठवड्यांत साडेतीन किलो वजन उतरवण्यास सांगितले. रोज सर्वांसमोर वजनकाट्यावर उभे केले जाई आणि आकडा मोठ्याने वाचला जाई. शेवटच्या दोन दिवसांत पाणी बंद करण्याचा सल्लाही होता. १९९७च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतील तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर अशाच घाईने वजन उतरवताना दगावले आणि त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीचे नियम बदलावे लागले, हे क्रीडाक्षेत्रातील माणसाला ठाऊक असायला हवे. वाढीच्या वयातील मुलीला खाणे कमी आणि सराव जास्त अशा तुटीत ठेवले की पाळी, हाडे आणि मनःस्थिती या सर्वांवर परिणाम होतो. मुलीची पाळी दोन महिने आलेली नव्हती. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी ती चक्कर येऊन पडली, वर्गशिक्षिकेने तिला माझ्याकडे पाठवले, आणि तेथून माझा या प्रकरणाशी संबंध आला.

पहिला निर्णय, आणि तो कोठे चुकला

पहिल्या भेटीत मुलगी माझ्याशी फक्त सरांच्या बचावाचे बोलली. आई मात्र एक यादी घेऊन आली होती. तिने इंटरनेटवरील काही व्हिडिओ पाहिले होते आणि सर नार्सिसिस्ट, म्हणजे आत्मप्रौढीने पछाडलेले, आहेत, अशी तिची खात्री झाली होती. यादीतील बरेच मुद्दे जुळत होते. तरीही दोन कारणांनी मी ती यादी बाजूला ठेवायला सांगितली. पहिले कारण व्यावसायिक आहे. आत्मप्रौढीचा व्यक्तिमत्त्वविकार हे निदान आहे, मानसोपचारतज्ज्ञांच्या अमेरिकी नियमपुस्तिकेत त्याचे नऊ निकष दिलेले असून त्यांपैकी किमान पाच दीर्घकाळ दिसावे लागतात, आणि ज्या माणसाला आपण तपासलेले नाही त्याचे निदान करण्याचा अधिकार मला नाही, आईला तर नाहीच. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटले. आई घरी तो शब्द उच्चारत असे, तेव्हा मुलगी सरांच्या आणखी जवळ सरकत असे. माणसावर शिक्का मारला की मुलाला त्या माणसाची बाजू घ्यावी लागते. "त्यांनी वीस उड्या मारायला लावल्या" या वाक्याला मात्र तिच्याकडे उत्तर नव्हते, कारण ते तिने स्वतः अनुभवले होते.

इथपर्यंत ठीक होते. चूक पुढे झाली. मी आईला सरांशी समोरासमोर बोलण्याचा सल्ला दिला. शाळेतील शिक्षकांच्या बाबतीत आम्ही नेहमी तेच करतो: आधी संवाद, मग तक्रार. सर वर्गाबाहेर भेटले, चहा मागवला, आणि चाळीस मिनिटे अतिशय नम्रपणे बोलले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "ताई, मला स्वतःची मुलगी नाही, हिला मी मुलगी मानतो," असे ते म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितले की मुलीने घरातील भांडणे त्यांच्याजवळ बोलून दाखवली आहेत, तिला घरी गुदमरायला होते, आणि ते स्वतः तिला सांभाळून घेत आहेत. आई घरी परतली तेव्हा तक्रार तिच्याकडे राहिलीच नव्हती. तिच्या मनात अपराधीपणा होता आणि मुलीवरचा राग होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात अबोला सुरू झाला. मुलीला कोणी जोडीदार मिळेना, तिच्या अभिवादनाला कोणी उत्तर देईना. सरांनी तिला फक्त एवढेच सांगितले: "आईला माझ्याकडे पाठवायची वेळ आली म्हणजे मी कमी पडलो." हा अबोला अकरा दिवस चालला आणि ज्या संध्याकाळी तो संपला, त्या संध्याकाळी सरांनी तिला सर्वांसमोर शाबासकी दिली. ती त्या रात्री आनंदाने रडत घरी आली, हे आईने मला सांगितले तेव्हा मी माझा सल्ला चुकल्याचे तिच्यापाशी कबूल केले.

कडक आणि घातक यांतला फरक कसा तपासला

घाईने निर्णय घेण्याऐवजी आम्ही तीन आठवड्यांची नोंदवही ठेवायचे ठरवले. आईने रोज एका पानावर केवळ घडलेली गोष्ट, वेळ आणि उच्चारलेले शब्द लिहायचे. मत लिहायचे नाही. मुलीने काय सांगितले आणि आईने स्वतः काय पाहिले, हे वेगवेगळ्या शाईने. डॉक्टरांची कागदपत्रे, मोबाइलवरील संदेश आणि पैसे दिल्याच्या नोंदी त्यातच ठेवल्या.

या नोंदी वाचताना माझ्यासमोर माझे जुने ज्युदो प्रशिक्षक होते. ते तापट होते, शब्दांना धार होती, उशिरा येणाऱ्याला ते मॅटवर पाऊल ठेवू देत नसत. परंतु पकडीत सापडलेल्याने हाताने मॅटवर दोनदा आपटले की समोरच्याने तत्क्षणी सोडले पाहिजे, या नियमात त्यांनी कधी सूट दिली नाही. एकदा एका वरिष्ठ खेळाडूने क्षणभर जास्त धरले, तेव्हा त्याला महिनाभर लढतीतून वगळले. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो हे पेशाने शिक्षक होते. त्यांनी १८८२मध्ये कोदोकान हे ज्युदोचे विद्यालय सुरू केले आणि पुढच्याच वर्षी पहिल्या दान श्रेणी दिल्या. कराटेने ही श्रेणीपद्धती नंतर ज्युदोकडूनच घेतली. या संपूर्ण व्यवस्थेचा पाया हा आहे की धोकादायक क्रिया दोन माणसे एकमेकांवर करू शकतात, कारण थांबण्याची खूण दोघांनाही बंधनकारक असते. त्यामुळे प्रशिक्षक किती ओरडतो यापेक्षा समोरच्याने खूण केल्यावर तो थांबतो का, हे मी या नोंदींत शोधले. खूण म्हणजे वर केलेला हात, तसेच "दुखते आहे" हे वाक्य, डॉक्टरची चिठ्ठी, पावतीची मागणी आणि "मी उद्यापासून येणार नाही" हा निरोपही.

तीन आठवड्यांत अशा चौदा नोंदी मिळाल्या, आणि सर त्यांपैकी एकाही ठिकाणी थांबले नव्हते. उलट प्रत्येक वेळी खूण करणाऱ्यालाच किंमत मोजावी लागली होती. वर्ग सोडून गेलेल्या प्रत्येक मुलाविषयी काही ना काही कथा प्रचलित होती: एक आळशी, एकाचे आईवडील कंजूष, एक मानसिक रुग्ण. इतक्या वर्षांत चांगल्या संबंधांत निरोप घेऊन गेलेला एकही विद्यार्थी मुलीला आठवेना. ही आठवण शोधताना ती प्रथमच गप्प झाली.

"खेळात हे चालायचेच" असे वडिलांचे मत होते, आणि त्यात तथ्य नाही असे कोणाला म्हणता येणार नाही. पण ज्या देशातून ही शिस्त आली असे सांगितले जाते, त्या जपानच्या महिला ज्युदो संघातील १५ खेळाडूंनी मारहाण आणि छळाची लेखी तक्रार केली, ती २०१३च्या सुरुवातीला जाहीर झाली आणि राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला पद सोडावे लागले. ऑलिंपिक दर्जाच्या खेळाडूंनी जे सहन करण्यास नकार दिला, ते कर्वेनगरच्या पार्किंगमधील चौदा वर्षांच्या मुलीने का सोसावे, या प्रश्नावर वडील बराच वेळ काही बोलले नाहीत.

पर्याय

दोन महिन्यांवर काळ्या पट्ट्याची परीक्षा होती आणि शालेय स्पर्धांचा हंगाम तोंडावर आला होता. सर वारंवार सांगत की त्यांच्या सहीशिवाय शालेय स्पर्धा नाही, आणि स्पर्धा नाही तर दहावीला क्रीडा सवलतीचे गुण नाहीत. पालकांना बांधून ठेवणारी खरी दोरी ही होती. म्हणून परीक्षा होईपर्यंत थांबून मग शांतपणे बाहेर पडावे, हा पर्याय आईवडिलांना सर्वांत व्यवहार्य वाटत होता.

आम्ही ती दोरी तपासायचे ठरवले. शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी पाच मिनिटांत खुलासा केला: क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धांत प्रवेशिका शाळेमार्फत जाते, खाजगी वर्गाच्या प्रशिक्षकाची सही त्यासाठी लागत नाही, आणि सवलतीच्या गुणांचा प्रस्तावही शाळाच जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे पाठवते. खाजगी संघटनेने घेतलेल्या पट्टा परीक्षेच्या प्रमाणपत्राला त्या गुणांसाठी काहीही अर्थ नाही. काळा पट्टा देण्यावर कायद्याचे कोणतेही नियंत्रण नसल्यामुळे कोणीही संघटना स्थापून तो देऊ शकतो, आणि एका संघटनेचा पट्टा दुसरीने मानावा असे बंधन नाही. अडीच वर्षे ज्या गोष्टीची भीती होती, ती एका साध्या चौकशीने संपली. ही चौकशी आधी कोणी का केली नाही, याचे उत्तर मला वाटते त्या "बाहेरचे" या शब्दात आहे. क्रीडाशिक्षक बाहेरचे होते.

दुसरा पर्याय इतर पालकांना एकत्र करून सरांना भेटण्याचा होता. आईने चाचपणी केली. तीन पालकांनी खासगीत सहमती दर्शवली, एकाने ते संभाषण सरांना कळवले. हा पर्याय तेथेच संपला.

तिसरा पर्याय पोलिसांकडे वा बाल कल्याण समितीकडे जाण्याचा. येथे एक गोष्ट मला आधी निश्चित करावी लागली. लैंगिक स्वरूपाचे काही घडले असल्यास २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार त्याची माहिती देणे माझ्यावर बंधनकारक आहे. तेथे पर्याय तोलण्याचा प्रश्नच उरत नाही. मुलीशी दोन वेगवेगळ्या भेटींत, आई उपस्थित नसताना, मी हा विषय स्पष्ट शब्दांत काढला. तसे काही पुढे आले नाही. शिक्षण हक्क कायद्यातील शारीरिक शिक्षा व मानसिक छळाविरुद्धची तरतूद शाळांसाठी आहे, खाजगी संध्याकाळच्या वर्गाला ती थेट लागू होत नाही. मात्र २०१५च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७५, ज्याच्या ताब्यात वा नियंत्रणाखाली मूल आहे त्याने मुलाला अनावश्यक शारीरिक वा मानसिक यातना होतील असे वागणे गुन्हा ठरवते. वकिलांचा सल्ला घेतल्यावर आमच्याकडील नोंदी पुरेशा असल्याचे कळले. मुलीने मात्र ठाम नकार दिला. तिला सरांसमोर उभे राहून काही सांगायचे नव्हते. मी तिच्या बाजूने कौल दिला, आणि या निर्णयाबद्दल माझी आजही पूर्ण खात्री नाही.

उरलेला पर्याय म्हणजे लगेच, लेखी, आणि चर्चेविना बाहेर पडणे.

प्रत्यक्ष कृती

क्रमाला महत्त्व होते, म्हणून तो थोडा तपशिलाने देते. सर्वप्रथम मुलीची कागदपत्रे परत आणली. सरांकडे जन्मदाखल्याची प्रत, आधार कार्डाची प्रत आणि आधीच्या स्पर्धांची दोन मूळ प्रमाणपत्रे होती. शाळेला पडताळणीसाठी हवी आहेत, असे सांगून आईने ती मागितली. ते खरेही होते. कागद हाती येईपर्यंत निरोपाचा विषय काढला नाही.

त्यानंतर बालरोगतज्ज्ञांकडे तपासणी झाली. रक्तातील लोह कमी निघाले, आहार पूर्ववत करण्यास आणि सहा आठवडे स्पर्धात्मक सराव थांबवण्यास लेखी सांगितले गेले.

मग पत्र. पहिला मसुदा आईने लिहिला, तो साडेतीन पानांचा होता आणि त्यात अडीच वर्षांचा हिशोब होता. आम्ही तो सात ओळींवर आणला: मुलगी अमुक तारखेपासून वर्गात येणार नाही, वार्षिक शुल्क अठरा हजार रुपये आगाऊ भरले असून उरलेल्या पाच महिन्यांची रक्कम परत करावी, मुलीशी थेट संपर्क साधू नये, काही कळवायचे असल्यास आईच्या ईमेलवर लेखी कळवावे. कारण दिले नाही. कारण दिले की त्यावर वाद घालता येतो, आणि वाद हा सरांचा घरचा आखाडा होता. पत्र ईमेलने आणि नोंदणीकृत टपालाने पाठवले.

त्याच संध्याकाळी मुलीने स्वतःहून वर्गाचा मोबाइल ग्रुप सोडला. सरांना संपर्क यादीत रोखायचे का, हा निर्णय आम्ही तिच्यावर सोपवला होता. तिने चौथ्या दिवशी रोखले. त्या चार दिवसांत एकवीस संदेश आले: सुरुवातीचे काळजीचे, मधले संतापाचे, शेवटचा एका जुन्या छायाचित्राचा, ज्यात ती पहिला पिवळा पट्टा बांधून सरांशेजारी उभी होती.

शुल्क परत मिळाले नाही. महिन्याभराने आईने दुसरे पत्र पाठवले, ज्यात २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा उल्लेख होता. त्यानंतर पाच हजार रुपये जमा झाले. उरलेल्या अडीच हजारांचा पाठपुरावा आईने सोडून दिला.

परिणाम

मुलीची तब्येत तीन महिन्यांत सुधारली, पाळी नियमित झाली. मन सुधारायला अधिक वेळ लागला. वर्गातील चार जिवलग मैत्रिणी एका रात्रीत तुटल्या. त्यांतील एकीने तिला "गद्दार" असा एका शब्दाचा संदेश पाठवला. त्या वर्षीची शालेय स्पर्धा तिने खेळली नाही. शाळेने प्रवेशिका भरायची तयारी दाखवली होती, पण स्पर्धेच्या जागी सर असणार हे तिला ठाऊक होते. लढतीत खाली बसलेला तो मुलगा दोन महिन्यांनी वर्गातून बाहेर पडला. वर्ग आजही भरतो आणि त्याची दुसरी शाखा निघाली आहे.

पाच महिने तिने कोणताही खेळ खेळला नाही. मग वडिलांसोबत रविवारी वेताळ टेकडीवर जाऊ लागली, आणि दहावीच्या परीक्षेनंतर स्वतःहून ज्युदोचा वर्ग शोधला. त्या वर्गात पालकांना बसायला भिंतीशी बाक आहे, पावती मिळते. पहिल्या आठवड्यात जमिनीवरच्या पकडीत तिचा श्वास अडकला तरी तिने मॅटवर हात आपटला नाही. तेथील प्रशिक्षिकेने सराव थांबवला आणि पुढचा अर्धा तास तिच्याकडून दुसरे काहीच करून घेतले नाही: पकड, हात आपटणे, सुटका, पुन्हा पकड. मुलीला ते अपमानास्पद वाटले, असे तिने मला सांगितले. ती अजून तेथे जाते.

काय वेगळे करता आले असते

समोरासमोर भेटीचा माझा सल्ला मी आता कोणत्याही पालकाला सरसकट देत नाही. जेथे आधीच्या तक्रारदाराचे काय झाले याची माहिती मिळू शकते, तेथे ती आधी काढते. सोडून गेलेल्या दोन कुटुंबांशी आई नंतर बोलली, तेव्हा दोघांनीही त्याच चाळीस मिनिटांच्या भेटीचे, त्याच अश्रूंचे वर्णन केले. ते फोन आधी केले असते तर अकरा दिवसांचा अबोला टळला असता.

शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे आम्ही फार उशिरा गेलो. कोणताही खाजगी प्रशिक्षक गुण, स्पर्धा किंवा नोकरीतील राखीव जागांचा उल्लेख करून थांबवू पाहत असेल, तर ते विधान त्याच आठवड्यात शाळेत किंवा जिल्हा क्रीडा कार्यालयात पडताळावे, असे मी आता पालकसभेत सांगते. वर्गात नाव घालताना सराव पाहू देतात का, पावती देतात का आणि सोडून गेलेल्या जुन्या विद्यार्थ्याचा दूरध्वनी क्रमांक देतात का, हेही विचारायला सांगते. शेवटच्या प्रश्नावर चांगले प्रशिक्षक सहसा तीन-चार नावे पटकन सांगतात.

आईच्या मते तिने वारसदार म्हणून झालेल्या कौतुकाच्या दिवशीच सावध व्हायला हवे होते. मला हे पूर्णपणे पटत नाही. आपल्या मुलीचे कोणी कौतुक केले म्हणून संशय घेत बसणारी आई व्हावे, असे मी कोणाला सुचवणार नाही. त्यानंतर आलेला रविवार, मग शनिवार, मग रात्रीचे अकरा, यांपैकी कोठेतरी "एवढे पुरे" असे म्हणून पाहायला हवे होते, आणि त्यावर सर काय करतात हे पाहायला हवे होते.

कायदेशीर तक्रार न करण्याचा निर्णय मुलीच्या हिताचा होता, असे मी मानते. त्या सभागृहात अजून तीस मुले आहेत, हेही तितकेच खरे आहे. नोंदवही आणि वैद्यकीय कागद आईने जपून ठेवले आहेत.

मुलगी बाहेर पडल्याला आठ महिने झाले असताना आईला अनोळखी क्रमांकावरून फोन आला. पलीकडे ताई होती. तिने मुलीची चौकशी केली, त्या पाचव्या लढतीविषयी काहीच बोलली नाही, आणि ठेवता ठेवता विचारले, "काकू, तुम्ही सरांना ते पत्र पाठवले होते ना, त्यात नक्की काय लिहिले होते?" आईने सात ओळी वाचून दाखवल्या. ताईने त्या लिहून घेतल्या.